त्रिप्लेक्स : एकाच फळीच्या तीन घड्या

 

आजच्या भागाचा विषय एक शब्द आहे. लॅटिन भाषेतलं एक संख्याविशेषण. रोमन सैन्याबद्दल बोलायचं सोडून व्याकरणाचा तास कशाला, असं काहींच्या मनात येईल. पण या एका विशेषणात रोमन सेनापतीची लढाईची मांडणी बसलेली आहे. त्याचा अर्थ निसटला की लढाईही अर्धवटच समजते. शब्द आहे 'त्रिप्लेक्स'. लॅटिनमधला 'त' आपल्या 'त'सारखाच दंत्य होता, म्हणून मी इंग्रजी वळणाचं 'ट्रिप्लेक्स' न म्हणता 'त्रिप्लेक्स' म्हणतो आहे.

मी भाषापंडित नाही. पायदळात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर लॅटिन शिकायला बसलो, ते सीझरची युद्धवर्णनं मुळातून वाचता यावीत म्हणून. त्या वर्णनांत हा शब्द इतक्या वेळा भेटला, की त्याची चौकशी करणं भाग पडलं.

सुरुवात घरापासून करू. 'डुप्लेक्स' हा शब्द आता आपल्या प्रत्येक शहरात आहे. डुप्लेक्स फ्लॅट म्हणजे दोन फ्लॅट का? नाही. घर एकच, दार एकच, वीजबिलही एकच. फक्त ते दोन मजल्यांवर पसरलेलं, मध्ये जिना. मल्टिप्लेक्सचंही तसंच. इमारत एक, पडदे अनेक. वायरलेसवर काम केलेल्यांना 'सिंप्लेक्स' आणि 'डुप्लेक्स' ठाऊक आहेत. सिंप्लेक्समध्ये एका वेळी एकानेच बोलायचं, म्हणून तर आपण 'ओव्हर' म्हणतो. डुप्लेक्समध्ये दोघांना एकाच वेळी बोलता येतं. एडिसनने १८७४ मध्ये जे क्वाड्रुप्लेक्स तारयंत्र तयार केलं, त्यात एकाच तारेवरून एका वेळी चार संदेश जात. सगळीकडे एक गोष्ट समान आहे. वस्तू एकच राहते, तिचे पदर वाढतात.

हे असं का, ते शब्दाच्या मुळात सापडतं. 'त्रिप्लेक्स'मधला 'त्रि' सांगायला नको, तो संस्कृतातही तसाच आहे. 'प्लेक्स' आला तो 'प्लेक्' या धातूवरून. याच धातूपासून लॅटिनमध्ये 'प्लेक्तेरे' म्हणजे वेणी घालणे, विणणे, आणि 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे, ही क्रियापदं झाली. ग्रीकमधलं 'प्लेकेइन', म्हणजे गुंफणे, हे त्यांचं चुलत भावंड. तेव्हा त्रिप्लेक्स म्हणजे तीन घड्यांचं, तीन पेडांचं. 'सिंप्लेक्स'मधला 'सिम्' हा 'एक' या अर्थाच्या जुन्या 'सेम्'चा अवशेष आहे. संस्कृत 'सकृत्' म्हणजे 'एकदा', त्यातला 'स' हाच. सिंप्लेक्स म्हणजे एकाच घडीचं. पुढे दुप्लेक्स, त्रिप्लेक्स, क्वाद्रुप्लेक्स, दहा घड्यांचं देकेम्प्लेक्स, आणि पुष्कळ घड्यांचं मुल्तिप्लेक्स.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, आपल्या मराठीच्या आधाराने जाऊ.

लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. 'चांगला, चांगली, चांगलं' हे आपल्याला नवीन नाही. पण त्रिप्लेक्स हे वेगळ्या गटातलं विशेषण आहे. प्रथमेच्या एकवचनात तिन्ही लिंगांत त्याचं रूप एकच राहतं. भिंत म्हणजे 'मूरुस', पुल्लिंगी. लढाईची फळी म्हणजे 'अकिएस', स्त्रीलिंगी. तट म्हणजे 'वाल्लुम', नपुंसकलिंगी. तिन्हींना विशेषण 'त्रिप्लेक्स'च. मराठीत 'तिहेरी' असंच वागतं. तिहेरी दोर, तिहेरी दोरी, तिहेरी सूत.

विभक्ती लागली की मात्र 'ए'चा 'इ' होतो. 'त्रिप्लेक्स'ची षष्ठी 'त्रिप्लिकिस', द्वितीया 'त्रिप्लिकेम', तृतीयेसारख्या अर्थाने वापरलेलं रूप 'त्रिप्लिकी'. नपुंसकलिंगी अनेकवचन 'त्रिप्लिकिया'. कारण सोपं आहे. फार जुन्या लॅटिनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अवयवावर पडत असे, त्यामुळे मधले स्वर दुबळे होत गेले. 'प्लेक' या धातूपुढे प्रथमेचा 'स' आला की 'क' आणि 'स' मिळून 'क्स' होतो. तिथे अवयव व्यंजनाने बंद होतो आणि 'ए' टिकून राहतो. पुढे स्वर आला की अवयव उघडा पडतो आणि 'ए' घसरून 'इ' होतो. आपण 'पीठ' म्हणतो पण 'पिठाचा' म्हणतो, 'मूल' पण 'मुलाला'. आपल्याकडे दीर्घाचा ऱ्हस्व होतो, तिथे स्वरच बदलतो. म्हणूनच आज इंग्रजीत 'कॉम्प्लेक्स' आणि 'कॉम्प्लिकेटेड' असे दोन्ही स्वर दिसतात.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. शाळेतल्या मराठी व्याकरणात संख्याविशेषणांचे प्रकार पाठ केलेले आठवत असतील. गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथकत्ववाचक, अनिश्चित. त्यातल्या आवृत्तिवाचक या एकाच खणात आपण 'दुप्पट' आणि 'दुहेरी' दोन्ही ठेवतो. पण बोलताना आपण दोघांत कधीच गल्लत करत नाही. पगार दुप्पट होतो, दुहेरी होत नाही. दोरी दुहेरी करतात. दुप्पट दोरी मागितली तर दुकानदार लांबी वाढवून देईल, घडी घालून देणार नाही.

लॅटिनने हा भेद प्रत्ययातच बांधून ठेवला. प्रमाण सांगायचं तर 'प्लुस' : दुप्लुस, त्रिप्लुस, म्हणजे दुप्पट, तिप्पट. रचना सांगायची तर 'प्लेक्स' : दुहेरी, तिहेरी. केटो या रोमन राजकारण्याने शेतीवर पुस्तक लिहिलं. त्याच्या सुरुवातीला तो सांगतो, की पूर्वजांच्या कायद्यात चोराला दुप्पट आणि सावकाराला चौपट दंड होता. तिथे त्याने 'प्लुस'ची रूपं वापरली, कारण प्रश्न पैशाच्या प्रमाणाचा होता. लढाईची मांडणी सांगताना मात्र सीझर 'प्लेक्स' वापरतो.

आता 'अकिएस' हा शब्द पाहा. त्याचा मूळ अर्थ धार. तलवारीची धार, नजरेची तीक्ष्णता, आणि त्यावरूनच शत्रूसमोर उभी केलेली सैन्याची फळी. त्रिप्लेक्स अकिएस या दोन शब्दांत नाम एकवचनी आहे आणि विशेषणही. सीझरला 'तीन फळ्या' म्हणता आलं असतं, त्यासाठी 'त्रेस' हा साधा आकडा होता. तो म्हणतो 'तिहेरी फळी'. फळी एकच, तिच्या घड्या तीन. एकेका घडीबद्दल बोलायचं झालं की तो क्रमवाचक वापरतो : पहिली, दुसरी, तिसरी. पूर्ण मांडणीबद्दल बोलताना पुन्हा 'त्रिप्लेक्स'.

ही पद्धत सीझरच्याही आधीची. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने जुन्या लीजनचं वर्णन केलं आहे. पुढे १,२०० 'हस्ताती', त्यांच्या मागे १,२०० 'प्रिंकिपेस', आणि सर्वांत मागे ६०० जुनेजाणते 'त्रिआरी'. गोष्ट त्रिआरींपर्यंत आली, असं रोमन लोक म्हणत, तेव्हा त्याचा अर्थ प्रसंग गळ्याशी आला असा असे. सीझरच्या काळापर्यंत हे वयाचे आणि हत्यारांचे भेद गेले. लीजनमध्ये १० कोहॉर्ट, सगळ्या एकसारख्या. त्याच कोहॉर्ट तीन घड्यांत उभ्या राहत.

आता या तिसऱ्या घडीचं काय होतं ते तीन प्रसंगांत पाहू. तिन्ही इ.स.पू. ५८ मधले, गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूचे.

पहिला प्रसंग हेल्वेती लोकांशी झालेल्या लढाईचा, बिब्राक्ते गावाजवळचा. सीझरने टेकडीच्या मध्यावर चार अनुभवी लीजन तिहेरी फळीत उभ्या केल्या. नव्या भरतीच्या दोन लीजन माथ्यावर, सामानाच्या रक्षणाला. रोमन पुढे सरकले, हेल्वेती मागे हटले, आणि तेवढ्यात बोई आणि तुलिंगी या त्यांच्या साथीदारांनी रोमनांच्या उघड्या बगलेवर हल्ला केला. मागे हटलेले हेल्वेतीही उलटले. अशा वेळी सैन्य मोडतं. इथे मोडलं नाही. पहिली आणि दुसरी घडी समोरच्यांशी लढत राहिली, तिसरी वळून नव्या शत्रूला भिडली.

दुसरा प्रसंग लढाईचा नाही, खोदकामाचा. जर्मनांचा राजा अरिओविस्तुस याने सीझरची रसद तोडायचा घाट घातला होता. शत्रूच्या नजरेसमोर दुसरी छावणी उभी करणं भाग होतं. सीझर तिहेरी फळी घेऊन तिथे गेला. पहिल्या दोन घड्या हत्यारं घेऊन उभ्या, तिसरी खंदक खणते आहे. जर्मनांनी त्रास दिला, पण काम थांबलं नाही.

तिसरा प्रसंग त्याच अरिओविस्तुसशी झालेल्या प्रत्यक्ष लढाईतला. उजव्या बाजूला सीझर स्वतः होता आणि तिथे रोमन वरचढ होते. डाव्या बाजूला जर्मनांच्या संख्येपुढे रोमन दबले जात होते. घोडदळावर तरुण पुब्लियुस क्रासुस हा अधिकारी होता. तो झुंजीत अडकलेला नसल्याने त्याला हे दिसलं. त्याने तिसरी घडी डावीकडे पाठवली आणि लढाई सावरली.

पायदळातल्या माणसाने इथे थांबून विचार करावा. त्या तरुणाने सेनापतीला विचारायला घोडेस्वार धाडल्याचं सीझर लिहीत नाही. त्याने पाहिलं आणि हुकूम दिला. पण हुकूम द्यायला त्याच्या हाताशी काहीतरी होतं, म्हणून तो देता आला. तिसरी घडी आधीपासून रचनेत होती. पुढच्यांच्या पाठीशी, त्याच शिस्तीत, त्याच हत्यारांनी सज्ज. 'राखीव' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मागे शिल्लक राहिलेले लोक येतात. रोमन शब्दात शिल्लक काहीच नाही. तिसरी घडी पहिलीइतकीच फळी आहे.

हाच क्रासुस दोन वर्षांनी, इ.स.पू. ५६ मध्ये, अक्वितानियात स्वतंत्रपणे लढत होता. त्याच्याकडे लीजनच्या फक्त १२ कोहॉर्ट होत्या आणि समोर शत्रू बराच मोठा. त्याने फळी केली ती दुहेरी, दुप्लेक्स, आणि मदतीला आलेल्या स्थानिक तुकड्या मधोमध ठेवल्या. माणसं कमी असली की घड्या कमी कराव्या लागतात, नाहीतर रुंदी पुरत नाही. कापड तेवढंच असतं.

कापड अगदीच अपुरं पडलं तर काय होतं, तेही सीझरने पाहिलं. इ.स.पू. ४६ मध्ये आफ्रिकेत रुस्पिना गावाजवळ तो ३० कोहॉर्ट घेऊन बाहेर पडला होता. समोर आला लाबिएनुस, गॉलमध्ये वर्षानुवर्षं त्याचा उजवा हात असलेला आणि आता विरुद्ध पक्षात गेलेला. त्या मोहिमेचा वृत्तांत लिहिणारा सांगतो, की माणसं थोडी असल्यामुळे सीझरने फळी 'सिंप्लेक्स', म्हणजे एकेरी केली. शत्रूच्या घोडदळाने तिला चारही बाजूंनी वेढलं. मागे वळून लढायला दुसरी घडीच नव्हती. शेवटी सीझरने एकाआड एक कोहॉर्ट मागे तोंड करून उभ्या केल्या, वेढा फोडला आणि छावणी गाठली. एकेरी फळीतून त्याने लढता लढता दुहेरी फळी काढली, असं म्हणायला हरकत नाही.

आता व्याकरणाचा एक सुंदर नमुना. इ.स.पू. ४९ मध्ये स्पेनमधल्या इलेर्दाजवळ सीझर आणि पाँपेचा सेनापती अफ्रानियुस समोरासमोर उभे होते. सीझर स्वतःची फळी त्रिप्लेक्स असल्याचं सांगतो आणि तपशील देतो : पाच लीजनांपैकी प्रत्येकीच्या पुढे चार-चार कोहॉर्ट, त्यामागे तीन-तीन, पुन्हा तीन-तीन. म्हणजे २०, १५ आणि १५, एकूण ५० कोहॉर्ट. या 'चार-चार' आणि 'तीन-तीन'साठी लॅटिनमध्ये स्वतंत्र शब्द आहेत, 'क्वातेर्नी' आणि 'तेर्नी'. आपलं पृथकत्ववाचक विशेषण ते हेच. लॅटिन शब्द बदलते, मराठी शब्दाची द्विरुक्ती करते.

अफ्रानियुसच्या बाजूला मात्र लीजनच्या दोन घड्या आणि तिसऱ्या जागी साहाय्यक तुकड्या होत्या. मोजायला गेलं तर तीन ओळी. तरी सीझर त्या फळीला 'दुप्लेक्स' म्हणतो. मी याचा अर्थ असा लावतो, की तिसरी ओळ त्याच कापडाची नव्हती, म्हणून ती घडी धरली गेली नाही.

आणि शेवटी फार्सालुस, इ.स.पू. ४८. सीझरच्याच आकड्यांनुसार त्याचे २२,००० आणि पाँपेचे ४५,००० लोक. घोडेस्वार सीझरकडे १,०००, पाँपेकडे ७,०००. पाँपेचं हे सगळं घोडदळ आपल्या उजव्या बगलेवर येणार, हे सीझरने ओळखलं. त्याने तिसऱ्या घडीतून एक-एक कोहॉर्ट काढली आणि त्यांची चौथी फळी त्या बाजूला उभी केली. बाकीच्या तिसऱ्या घडीला बजावलं, की मी निशाण दाखवेपर्यंत हलायचं नाही. घोडदळ आलं, चौथ्या फळीने त्याला पळवून लावलं आणि ती पाँपेच्या बगलेत शिरली. मग ताज्या दमाची तिसरी घडी पुढे गेली आणि दिवस संपला. या जागी सीझर 'क्वाद्रुप्लेक्स' म्हणत नाही, 'चौथी' म्हणतो. ती पूर्ण फळीची चौथी घडी नव्हती, एका कोपऱ्याला लावलेलं ठिगळ होतं. पण ठिगळ लावायला कापड तिसऱ्या घडीतूनच मिळालं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भाषा म्हणजे परेड ग्राउंड नव्हे. 'प्लुस' आणि 'प्लेक्स' यांची सरहद्द रोमन लोकही ओलांडत. पराक्रमाबद्दल ज्या शिपायाला दुप्पट शिधा मिळे, त्याला 'दुप्लिकारियुस' म्हणत. व्हारो या विद्वानाने ही व्युत्पत्ती दिली आहे. शिधा ही तर प्रमाणाची बाब, तरी शब्द घडीचा. तीन पानांच्या मेण लावलेल्या पाट्यांना नुसतंच 'त्रिप्लिकेस' म्हणत. आणि माणसाच्या स्वभावालाही हीच विशेषणं लागत. सिंप्लेक्स म्हणजे सरळ मनाचा. दुप्लेक्स म्हणजे आत एक, बाहेर एक. आपल्या 'दुटप्पी'चा तो भाऊबंद.

घडीचा हा विचार शिपायाच्या निवृत्तीपर्यंत पोहोचला होता. रोमच्या साहाय्यक सैन्यात २५ वर्षं काढलेल्या शिपायाला नागरिकत्वाचा दाखला मिळे. ब्राँझचे दोन पत्रे तारेने एकत्र बांधलेले, आत एक मजकूर, बाहेर त्याचीच नक्कल, सात साक्षीदारांच्या मोहरा. या दाखल्यांना आज 'डिप्लोमा' म्हणतात. तो शब्द ग्रीक असला तरी अर्थ तोच : दुहेरी केलेलं, घडी घातलेलं. भिंतीवर डिप्लोमा टांगणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ही घडी आहे.

आपल्या भाषांनीही अशीच वाट धरली होती. संस्कृतात 'गुण' म्हणजे दोरीचा पेड, धनुष्याची दोरी. त्रिगुण म्हणजे तीन पेडांचं, आणि त्यावरूनच तिप्पट. आज शाळेतलं मूल 'गुणाकार' करतं तेव्हा ते नकळत पेड मोजत असतं. लॅटिनमध्ये गुणाकाराला 'मुल्तिप्लिकारे' म्हणतात, म्हणजे पुष्कळ घड्या घालणे. एकाने दोर पाहिला, दुसऱ्याने कापड पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच वस्तू होती, जी आतून वाढत होती.

तेव्हा पुढच्या वेळी रोमन सैन्याच्या चित्राखाली 'तीन रांगा' असं लिहिलेलं दिसलं, तर मनातल्या मनात 'तिहेरी फळी' अशी दुरुस्ती करा. तीन रांगांमधली मागची रांग वाट पाहत उभी असते. तिहेरी फळीतली मागची घडी वळू शकते, खणू शकते, सरकू शकते, आणि गरज पडली तर स्वतःतून चौथी काढून देऊ शकते.

पुढच्या भागात दुसरा विषय घेऊन भेटू. तोपर्यंत सांभाळून राहा. जय हिंद.